बोललेल्या महिला : शून्य

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२८ जानेवारी २०२५

चि. सौ. शालूस दादाचे आशीर्वाद.

परवा रविवारी सकाळी मी तुझ्या गावात आलो आणि तुझ्या दारावरून मान खाली घालून तसाच पुढे गेलो. दारात रांगोळी होती, उंबऱ्याशी दाजींच्या चपला होत्या, आतून फोडणीचा वास येत होता. तरी थांबलो नाही. तू चिडली असशील, म्हणून हा खुलासा. फोनच केला असता. पण तुझा नंबर लावला की दाजी उचलतात आणि "हां, सरपंच बोलतोय" म्हणतात. मग मी फोन ठेवून देतो.

साडेसहाच्या एसटीने जयसिंगपूरला उतरलो, स्टँडवर चहा घेतला आणि वडापच्या जीपमध्ये मागे लटकून कुरणवाडी गाठली. रविवार असून जोतिबाला जाणं झालं नाही. देवाला मनातच सांगितलं, आज कामावर आहे, पुढच्या रविवारी दोन्ही आठवड्यांचं एकदम बोलू.

माझं काम तुला नीटसं ठाऊक नाही. आमची संस्था बारा गावांत निवडून आलेल्या बायकांसाठी कार्यक्रम चालवते. पैसा मुंबईच्या एका ट्रस्टचा. त्यातूनच सोनम कांबळे तुमच्याकडे महिन्यातून दोनदा येते, कागद समजावून सांगते, शिरोळच्या कचेरीत तुमच्याबरोबर येते. हे सगळं खरोखर चाललंय का, ते बघून मुंबईला कळवायला मी. हुद्दा 'देखरेख अधिकारी'. तुझी वहिनी म्हणते, ह्यांच्या देखरेखीखाली गॅसवरचं दूध आजवर एकदाही वाचलेलं नाही.

तर बहिणीच्या घरी जेवून उठायचं आणि तिच्याच गावाचा अहवाल लिहायचा, हे बरं दिसलं नसतं. खरं सांगायचं तर कुरणवाडीची सरपंच माझी चुलत बहीण आहे, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलंच नाही. यादीत गावाचं नाव आलं तेव्हा सांगायचं राहिलं, आणि मग राहूनच गेलं.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा शांततेत पार पडली. तू खुर्चीत शोभत होतीस.

तुझा
गुंडूदादा


कुरणवाडी, ता. शिरोळ
३ फेब्रुवारी

ती. दादास शालूचा नमस्कार.

पत्र पोचलं. तू दारावरनं गेलास ते मी खिडकीतनं बगितलं. तुझं दाजी म्हणाले, "ते बग, तुझं भाऊ चाललंय. ऑफिसर झालंय, आता वळख न्हाय दावत." तू ऑफिसात लपवून ठेवलंयस, आणि हितं शेंबडं पोर सांगतंय की सरपंचाचा भाऊ आलता म्हणून. डेअरीत दूध घालायला येणाऱ्या मीनाबाईनं विचारलं, पावणं आलं आणि ज्येवायला न्हाय थांबलं, भांडण हाय काय? म्हटलं, कडक उपास असतोय त्याचा, पाणीबी घेत न्हाय. आता गावात तुझं नाव साधूपुरुष म्हणून झालंय, ते तू निस्तर.

फोनचं म्हणशील तर तो त्यांच्याच खिशात असू दे. दिवसाला चाळीस फोन येत्यात. गटार तुंबलं, लाईट गेली, कुत्रं चावलं. ते सगळं तेच ऐकत्यात आणि सरपंच असल्यागत खूश असत्यात. मला कामं असत्यात.

धुण्याच्या कट्ट्याचा ठराव बगितलास न्हवं? गेल्या साली नदीला धुणं धुताना दोनदा मगर दिसली. एकदा तर मीनाबाईची वाकळ तिथंच टाकून सगळ्या पळालो. आता पाण्याच्या टाकीजवळ नळ घेऊन कट्टा बांधायचा. दोन मिनटात ठराव पास. एकाबी गड्यानं आडवं लावलं न्हाय. असं ह्या गावात कधी झालं न्हवतं.

सोनम म्हणत होती, तुझ्या अहवालावर पुढच्या सालाचं ठरणार. काय लिवलंस? बहिणीला सांगायला काय हुतंय.

वैनीला नमस्कार. दूध तापवायला तूच बस, सवय हुईल.

तुझी
शालू


मंगळवार पेठ
८ फेब्रुवारी

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

काय लिहिलं ते सांगू नये असा नियम आहे. पण तू विचारल्यावर न सांगता पत्र लिहायला बसलो तर पेनच पुढे सरकेना.

आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे : 'ग्रामसभेत उभे राहून स्वतः बोललेल्या महिलांची संख्या.' सगळ्यात जास्त वजन त्याच रकान्याला. मी अकरापासून एकपर्यंत मागच्या बाकावर बसून मोजत होतो. ग्रामसेवक बोलले, उपसरपंच बोलले, दाजी तीनदा बोलले. बायका चाळीसच्या वर होत्या, पण एकीनेही तोंड उघडलं नाही. तू शेवटी "मंजूर" म्हणालीस. एका शब्दाला बोलणं धरायचं नाही, अशी छापील सूचना आहे. मी शून्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे माळवाडीची सभा होती. तिथे एकामागून एक अकरा बायका उभ्या राहिल्या. पाणी, शाळा, रस्ता, प्रत्येकीने दोन-दोन वाक्यं धडाधडा म्हटली. मला भरून आलं. अकरा लिहिले.

आता वाईट बातमी. बारा गावांतली शेवटची तीन ३१ मार्चनंतर कार्यक्रमातून गळणार आहेत, आणि कुरणवाडी बारावी आहे. गाव गळलं की सोनमचं तुमच्याकडे येणं बंद.

शून्य लिहिताना हात थांबला होता. तुझं "मंजूर" धरून एक तरी लिहावा, असं वाटलं. पण तू माझी बहीण; उद्या कुणाला कळलं तर म्हणतील, घरचं म्हणून दिलं. म्हणून उलट जास्तच कडक मोजलं. यात तुझा दोष नाही. बायकांना बोलायची सवय व्हायला वेळ लागतो, हे मला समजतं.

दादा


कुरणवाडी
१२ फेब्रुवारी

दादास नमस्कार.

शून्य. आपल्या शाळेत मास्तरांनी गणितात मला पस्तीसात सात दिलते, पण शून्य त्यांनीबी दिला न्हाय. आणि वर लिवतोस की बायकांना बोलायची सवय व्हायला वेळ लागतो. ह्या गावातल्या बायकांना. तू एक दिवस माझ्या सासूजवळ बसून बग.

दादा, तू आलास अकराला. आमची सभा सकाळी सातालाच उठलती.

दूध घालायला डेअरीत रोज साठ बायका असत्यात. एकेकीच्या दुधाचं फॅट बगंस्तोवर रांगेत उभं ऱ्हावं लागतंय. तिथं मीनाबाईनं डिसेंबरात कट्ट्याचा विषय काढला. दीड महिना रोज तेच. कुठं बांधायचा, नळ किती, कुणाच्या दारात चिखल हुईल, सगळं तिथं भांडून झालं. मग सव्वीस तारखेच्या आदी आठ दिवस प्रत्येकीनं आपापल्या मालकाला ताटावर बसल्यावर सांगितलं. ज्याला पटलं न्हाय त्याला दुसऱ्यांदा सांगितलं. उपसरपंचाला त्याच्या बायकोनं तीनदा सांगितलं. सभेत हात वर झाले ते गड्यांचे, हे तू बगितलंस. ते वर कुणी केले, ते तुझ्या फॉर्मात न्हाय.

मी उठून भाषण केलं असतं तर चार जण मुद्दाम आडवे बोलले असते. म्हणून गप बसायचं आमचं ठरलंतं. तू आमच्या ठरवण्याला शून्य दिलास.

आता माळवाडीचं ऐक. त्या अकरातली चौथी माझी नणंद. मुंबईची माणसं मोजायला येणार असं कळल्यावर तिथल्या गड्यांनी बायकांना चिठ्ठ्या लिवून दिल्या आणि आठ दिवस पाठ करून घेतल्या. नणंद म्हणाली, "वैनी, मला शाळेचं संडास म्हणायचं हुतं, मी रस्ता म्हटलं. शेजारणीचं वाक्य माझ्याच तोंडात आलं. मग शेजारणीनं माझं संडास म्हटलं." तू दोघींना मोजलंस.

राग गेला की वाच म्हणून पुढचं खाली लिवते. ठराव झाला म्हंजे कट्टा झाला न्हाय. ग्रामसेवक म्हणतोय जागेचा उतारा आणा, इंजिनेरचा अंदाज आणा. कुठल्या टेबलावर काय मागायचं ते सोनमला म्हाईत हाय. ती गेली तर ठराव वहीत ऱ्हाईल आणि आम्ही नदीला, मगरीबरोबर.

एकदा पावणेसहाला डेअरीत ये. फॉर्म घरी ठेवून ये.

शालू


मंगळवार पेठ
२० फेब्रुवारी

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

मंगळवारी सकाळी येऊन गेलो, हे तू पाहिलंसच. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

तुझं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा राग आला. चोवीस वर्षं नोकरी केली, मोजायला मला शिकवते, असं वाटलं. रविवारी पहिला खेटा होता. दरवर्षीप्रमाणे अनवाणी चालत जोतिबाला निघालो. केर्लीच्या पुढे चढ लागला आणि मागचे लोक "चांगभलं" म्हणत पुढे जायला लागले. मला दम लागला आणि दमाबरोबर रागही गेला. बोललेल्या बायका मोजायला मी गेलो होतो आणि बायका कुठे बोलतात हेच मी कुणाला विचारलं नव्हतं. सोनमने तिच्या डिसेंबरच्या टिपणात डेअरीचं लिहिलं होतं, ते मी वाचलंही होतं. 'गप्पा' असं समजून पान उलटलं होतं.

म्हणून सोमवारी जयसिंगपूरला मित्राकडे राहिलो आणि पावणेसहाला डेअरीत कॅनच्या ढिगाआड उभा राहिलो. मीनाबाईंनी सगळ्यांत आधी पाहिलं.

"पावणं, दूध घालायचं हाय काय? किटली कुठाय?"

"नुसतं बघायला आलोय."

"बघून फॅट लागत न्हाय."

सगळी रांग हसली. मग मला विसरून गेली, हे फार बरं झालं. पुढच्या अर्ध्या तासात मी जे ऐकलं ते दोन तासांच्या सभेत ऐकलं नव्हतं. मीनाबाई म्हणाल्या, कट्टा टाकीजवळ होणार असेल तर बौद्ध वस्तीकडूनही पायऱ्या पाहिजेत. आम्ही अख्खा गाव वळसा घालून धुणं घेऊन येणार नाही. कुणीतरी कुरकुरलं, एवढं दोन्हीकडून कशाला. तर एक म्हातारी म्हणाली, "मगर आली तवा सगळ्या एकाच वाटंनं पळालो की. तवा इचारलंस व्हय, कुणाची वाट?" आणि दोन्हीकडून पायऱ्या ठरल्या. हीच गोष्ट मायकवर निघाली असती तर सभा मोडली असती, हे मला या वयात तरी कळतं. तू रांगेत तिसरी होतीस, सगळा वेळ नुसती ऐकत होतीस. शेवटी एवढंच म्हणालीस, "मग गुरुवारी शिरोळला कोण कोण येतंय?" सात हात वर झाले.

मी चुकलो, शालू. लेखी सांगतो.

आता अडचण. सगळ्या गावांचा अंतिम तक्ता दहा मार्चला मुंबईला जाणार. तोवर तो माझ्याच संगणकावर आहे. त्या सकाळी रांगेत बाराजणी तरी बोलल्या; तुमच्या शून्याच्या जागी बारा टाकले तर कुणाला कळणारही नाही. पण सरळ मार्गाने बदलायचं तर कारण लिहावं लागेल, आणि कारण लिहायचं तर तू माझी बहीण हे आधी सांगावं लागेल. ते मी लपवलंय. म्हणतील, बहिणीसाठी आकडा फिरवला. माझा करारही एप्रिलमध्ये नवा व्हायचा आहे.

तूच सांग, काय करू.

दादा


कुरणवाडी
२४ फेब्रुवारी

दादास नमस्कार.

सांगू? टाक की बारा. खोटं कुठं हुतंय? बायका बोलत्यात, तू कानानं ऐकलंस. साठ टाकले तरी खरंच. कोण बगाय येतंय.

तू देवाला विचारत बसशील आणि मार्च सरंल. देव तुझ्या संगणकात न्हाय.

दुसरं, मला सांगायचं न्हवतं पण सांगते. सोनमला इचलकरंजीत दुसरी नोकरी चालून आलीय. तिला पंधरा मार्चपातुर कळवायचंय. गुरुवारी शिरोळला जाताना गाडीत म्हणाली, "आक्का, मी थांबू का जाऊ?" मी खिडकीबाहेर बगत बसले. आमचं गाव यादीत असंल का न्हाय ते मला म्हाईत न्हाय, थांब कुठल्या तोंडानं म्हणू? घरी आई हाय, आणि कमावती ही एकटीच.

अजून एक, राग मानू नको. शून्य लिवताना तुला बहीण आठवली, म्हणून कडक मोजलंस. आता बारा लिवायचे तर परत बहीणच आठवती, म्हणून भ्यालास. दोन्ही येळेला तू माझ्याकडंच बगत हुतास. साठ बायका रांगेत उभ्या हाईत, त्यांच्याकडं कवा बगणार? एकदा तरी बहीण बाजूला ठेव.

तुझ्यानं हुणार नसंल तर तसं कळीव. मग आम्ही आमचं बगू. आजवर बगतच आलोय.

शालू


मंगळवार पेठ
४ मार्च

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

तुझं निम्मं ऐकलं आणि निम्मं ऐकलं नाही.

बारा टाकले नाहीत. आठ दिवस टाकू टाकू म्हणत होतो. एकदा टाकलेही, आणि त्या आकड्याकडे बघत राहिलो. बारा हा आकडा खोटा नव्हता, पण मी तो चोरून लिहिला होता. तुमच्या खऱ्या गोष्टीला माझ्या चोरीची गरज का पडावी, असं मनात आलं आणि पुसला.

पण बहीण बाजूला ठेव म्हणालीस, ते पटलं. ती बाजूला ठेवायची तर आधी सगळ्यांच्या समोर मांडावी लागते, एवढं मला दिसलं. काल सकाळी आंघोळ करून, देवापुढे दोन मिनिटं बसून ऑफिसला गेलो आणि निशिगंधा मॅडमच्या टेबलावर दोन पानी अर्ज ठेवला. त्या आमच्याकडे अनुदानाचं सगळं बघतात. ट्रस्टशी बोलणं त्यांचंच. वयाने माझ्या भाचीएवढ्या आहेत, पण कागद वाचताना त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

पहिल्या पानावर लिहिलं होतं की कुरणवाडीच्या सरपंच माझ्या चुलत भगिनी आहेत आणि ही गोष्ट मी लपवली. दुसऱ्यावर, की या कारणाने माझा कुरणवाडीचा आकडा रद्द धरावा, आणि मोजण्याची रीतच चुकल्यामुळे माळवाडीचाही. दोन्ही गावांत दुसरं कुणीतरी जावं, आणि सभेच्या आधी, बायका जिथे रोज जमतात तिथे जावं. डेअरीत ऐकलेलं सगळं लिहिलं, पायऱ्यांसकट. माळवाडीबद्दल एवढं जास्त लिहिलं की त्या बायकांना खोटं ठरवू नये. तुझ्या नणंदेचं वाक्य चुकलं असेल, पण सगळ्या गावासमोर ती उभी राहिली होती, ते मी पाहिलंय.

मॅडमनी वाचून चष्मा काढला.

"गुंडूराव, बहिणीला शून्य दिलात?"

"हो."

"सख्खी?"

"चुलत. पण एका चुलीवर जेवून मोठे झालोय."

"हे जानेवारीत का नाही सांगितलंत?"

"आधी सुचलं नाही. मग उशीर झाला, आणि मग उशिराचीच लाज वाटायला लागली."

त्या जरा हसल्या. मग गंभीर झाल्या. "मला हे मुंबईला कळवावं लागेल. ते म्हणतील, तपासणीच सदोष, गाव काढून टाका. तसंही होऊ शकतं. आणि तुमच्या कराराचं मी आत्ता काहीच सांगू शकत नाही." त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "परत घेणार असाल तर घ्या. मी वाचला नाही असं समजते."

शालू, तो कागद माझ्यापासून वीतभर लांब होता. तुझ्या साठ बायकाही त्यातच होत्या. गाव कदाचित याच कागदाने जाईल, हे मला दिसत होतं. तू मला शिव्या देशील, तेही दिसत होतं.

मी म्हणालो, "नको. नोंद करून घ्या."

त्यांनी शिपायाला हाक मारून आवक क्रमांक घालायला सांगितला. म्हणाल्या, "मी स्वतः जाऊन येते. कधी, ते तुम्हाला सांगणार नाही." मी म्हणालो, "सांगूच नका. मला कळलं की तिला कळेल, एवढा काही मी पक्का नाही." तेव्हा त्या येतील तेव्हा येतील, तू कुणाला काही पढवू नकोस. नेहमीसारखं भांडा.

सोनमला थांबही म्हणू नकोस आणि जाही म्हणू नकोस. हे पत्र तिला वाचायला दे. पोरगी शहाणी आहे, जे आहे ते समोर ठेवलं की तिचं ती ठरवेल.

दुपारी माझ्या टेबलाशी येऊन मोठा तक्ता उघडला. दहा गावांचे आकडे होते तसे ठेवले. कुरणवाडीची आणि माळवाडीची ओळ पुसून रिकामी केली, ना शून्य, ना बारा, ना अकरा. फाईल मॅडमकडे पाठवली आणि माझ्याकडची प्रत कायमची काढून टाकली.

दादा